धागा : 'ऑल क्वाएट' शिकवायचीय, पंधरा तासिका हातात. कुठून सुरू करावं?

तासिका_तत्त्व

बीए द्वितीय वर्ष, इंग्रजी ऐच्छिक. पटावर ६२, बाकांवर पस्तीस-चाळीस. अभ्यासक्रमात रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' लागलीय, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची कादंबरी. १२ प्रकरणं, छपाईप्रमाणे दोनशे ते तीनशे पानं. तासिका १५, प्रत्येकी ४८ मिनिटांची, त्यातली पाच हजेरीत जातात. लेकरं बहुतेक खेड्यावरची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि निम्मी पोरं पहाटे भरतीसाठी पळणारी.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्यात. कोणती प्रकरणं वर्गात वाचावीत आणि कोणती सांगून सोडावीत? महायुद्धाचा इतिहास आधी किती द्यावा? मराठीतून शिकवावं की इंग्रजीतून? आणि फौजेत जायचं ठरवलेल्या पोरांपुढे ही कादंबरी मांडताना काय सांभाळावं?

खडूफळा

इतिहासाने सुरू करू नका. पहिल्या तासाला साराजेव्हो, आर्चड्यूक आणि तहांची यादी फळ्यावर आली की पोरं वहीत उतरवून घेतात आणि कादंबरी तिथेच संपते. शिवाय कादंबरीत यातलं काहीच नाही. लढाई कोणती, सेनापती कोण, आघाडी नेमकी कुठं, हे लेखक जवळजवळ सांगतच नाही. सैनिकाला खंदकातून जेवढं दिसतं तेवढंच पानावर आहे.

जेवणापासून सुरू करा. पहिलं प्रकरण पोट भरल्याच्या आनंदात उघडतं. बीफ आणि घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, पाव आणि सॉसेज दुप्पट, तंबाखूसुद्धा माणशी दुप्पट. पहिली दीड-दोन पानं मोठ्याने वाचा, पुस्तक मिटा आणि एवढंच विचारा : आज एवढं जेवण कुठून आलं? पोरं सांगतात, सण असेल, लढाई जिंकली असेल, साहेब खूश असेल. मग पुढचं वाचा. स्वयंपाक दीडशे माणसांचा झालाय आणि परत आलेत ऐंशी. शेवटच्या दिवशी इंग्रजांच्या लांब पल्ल्याच्या तोफांनी कंपनी निम्मी केलीय. दीडशे पानांची पंगत मांडली आणि सत्तर पानं रिकामी राहिली, हे आपल्याकडच्या लेकराला समजावून सांगावं लागत नाही. आचारी अडून बसतो की अन्न दीडशेचं आहे, ऐंशीला सगळं देणार नाही. ही माणसं त्याच्याशी भांडतात आणि मेलेल्यांबद्दल कुणी अक्षर काढत नाही. त्या न बोलण्यावर बोट ठेवा. पहिला तास तेवढ्यावर संपला तरी चालेल.

दुसऱ्या तासाला त्याच प्रकरणातला कान्टोरेक. हा त्यांचा शिक्षक. व्यायामाच्या तासाला भाषणं देऊन देऊन त्याने अख्खा वर्ग भरतीच्या कचेरीवर नेला. योसेफ बेम नावाचा एक पोरगा जायला तयार नव्हता, शेवटी लाजेपोटी गेला, आणि पहिल्यांदा मेलेल्यांत तोच. इथं फळ्याजवळ उभं राहून शिकवणाऱ्याला थोडं अवघडायला होतं आणि ते व्हावंच. मला विचाराल तर ही कादंबरी लढाईची कमी आणि वर्गाची जास्त आहे. पुन्हा पुन्हा ती शाळेकडे वळते : पाचव्या प्रकरणात हे सगळे शाळेतले प्रश्न एकमेकांना विचारून खिदळतात आणि तिथंच हिशेब करतात की वर्गातल्या वीसांपैकी सात मेले, चार जखमी, एक वेड्यांच्या दवाखान्यात. सहाव्याच्या सुरुवातीला आघाडीकडे जाताना तोफांनी पडलेली एक शाळा लागते आणि तिच्या लांब भिंतीला नव्या कोऱ्या, पॉलिशही न केलेल्या शवपेट्यांची दुहेरी चळत लावलेली असते. त्या पेट्या यांच्यासाठीच आणून ठेवल्यात. सातव्यात कान्टोरेक स्वतः गणवेशात येतो आणि त्याचाच जुना विद्यार्थी त्याची कवायत घेतो, तीही त्याचीच जुनी वाक्यं त्याच्या तोंडावर फेकत. हे चार तुकडे जोडून दाखवले की पोरांना कणा सापडतो.

तासांची वाटणी ढोबळ अशी : पहिल्या प्रकरणाला दोन तास, पहिल्या-दुसऱ्यातल्या बुटांना एक, कवायत घेणाऱ्या हिमेलश्टॉसला एक (दुसरं-तिसरं मिळून), चौथ्याला एक, पाचव्याला एक, सहाव्याला दोन, सातव्याला दोन, आठवं दहा मिनिटांत सांगून नववं दीड तास, दहावं तोंडी, अकरावं आणि बारावं मिळून दोन. उरलेला दीड तास लेखी सरावाला. प्रत्यक्षात एखादी तासिका कुठल्या ना कुठल्या जयंतीला जाते, तेव्हा दहाव्याची कात्री आधीच धरून ठेवा.

गोदाकाठ

खडूफळा सर, इतिहासाने सुरू करू नये हे पटलं, पण शून्य इतिहासानेही भागत नाही. उत्तरपत्रिकेत हमखास येणारी चूक सांगतो : जर्मन सैनिक म्हटलं की हिटलर. निवेदक पॉल बॉयमर नाझी होतो, छळछावणी येते, ज्यूंवरचे अत्याचार येतात. पोरांचा दोष नाही; सिनेमातला जर्मन सैनिक त्यांनी तेवढाच पाहिलाय. म्हणून चार ओळी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून सगळे पंधरा तास पुसू नयेत. ऑगस्ट १९१४ युद्ध सुरू. ११ नोव्हेंबर १९१८ युद्धबंदी. जानेवारी १९२९ कादंबरी पुस्तकरूपात. १० मे १९३३ नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत ही एक. चौथी ओळ वाचली की हिटलर आपोआप योग्य जागी जातो : या कादंबरीत तो नाही, तो तिला जाळणाऱ्यांत आहे.

आणि 'आपला काय संबंध' हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाच्या घोडदळाची तुकडी, हैदराबाद लान्सर्स, जोधपूर आणि म्हैसूरच्या तुकड्यांसोबत इजिप्त-पॅलेस्टाइनकडे गेली होती. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे याच तीन संस्थानांच्या घोडेस्वारांचे. एक सावधगिरी : २३ सप्टेंबर १९१८ च्या हायफाच्या प्रसिद्ध चढाईत घोडे घातले ते जोधपूर आणि म्हैसूरवाल्यांनी. व्हॉट्सॲपवर तिघांची नावं एकत्र फिरतात, वर्गात नीट सांगावं. पलीकडे ब्रिटिश मुलखातल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला कूतच्या वेढ्यात शरण गेलेल्या फौजेतही मराठे होते. हे सगळं पाच मिनिटांत सांगून होतं, त्याहून जास्त नको.

जुनीप्रत

प्रतींबद्दल कुणी बोललं नाही, आणि वर्गात पहिली ठेच तिथेच लागते.

बाजारात बहुतेक ए. डब्ल्यू. व्हीन यांचं १९२९ चं भाषांतर मिळतं. ब्रायन मर्डॉक यांचं नंतरचं भाषांतरही आहे, त्याची इंग्रजी आजच्या पोरांना सोपी जाते. एका वर्गात दोन्ही आली की वाक्य जुळत नाही, पान तर नाहीच. शिवाय १९२९ ला अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीतून काही मजकूर गाळला होता : संडासाच्या पेट्यांवर बसून पत्ते खेळण्याचा प्रसंग आणि दवाखान्यातला लेवान्डोव्स्की आणि त्याच्या बायकोचा. त्या आवृत्तीवरून काढलेल्या प्रती किंवा फोनवरच्या फायली कुणाकडे असल्या तर 'सर, आमच्या पुस्तकात हे नाहीच' असं ऐकायची तयारी ठेवा. उपाय साधा. पानाचा आकडा सांगायचाच नाही. प्रकरणाचा आकडा आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द सांगायचे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला आपापल्या प्रतीत १२ प्रकरणांच्या सुरुवातीला पेन्सिलने आकडा घालायला लावा, म्हणजे गळालेली पानंही तेव्हाच सापडतात. स्वस्त प्रतींत सोळा पानांचा एखादा फॉर्मा उलटा किंवा दोनदा लागलेला असतो.

शीर्षकाचं एक सांगतो, गाईडमध्ये नसतं. मूळ जर्मन नावाचा सरळ अर्थ 'पश्चिमेकडे नवीन काही नाही'. लष्करी बातमीपत्रातली ही कोरडी ओळ. इंग्रजी नावात शांतता आली, मुळात शांतता नाही, 'विशेष काही नाही' आहे. पॉल पडला त्या दिवशीचा अहवाल त्या एका ओळीचा होता. म्हणजे त्याचं मरण 'विशेष काही' मध्ये मोडलं नाही. हा मुद्दा शेवटच्या तासासाठी राखून ठेवा, आधी फोडू नका.

गाईडमधली आणखी एक थाप : लेखक वर्षानुवर्षं आघाडीवर लढला आणि ही त्याची आत्मकथा. रेमार्कचा जन्म २२ जून १८९८ चा, भरती नोव्हेंबर १९१६, आघाडीवर जून १९१७ मध्ये पोचला आणि ३१ जुलैला जखमी होऊन दवाखान्यात गेला. जेमतेम दोन महिने. बाकीचं त्याने ऐकलेलं, दवाखान्यात पाहिलेलं, रचलेलं. पॉल मरतो, लेखक १९७० पर्यंत जगला. एवढं सांगितलं तरी 'निवेदक म्हणजे लेखक' ही सवय मोडायला मदत होते.

मांजरापट्टा

भाषेचं बोलतो. इंग्रजीतून वाचायचं, मराठीतून बोलायचं, इंग्रजीतून लिहायचं. दुसरा मार्ग नाही. वर्गात उतारा इंग्रजीतच वाचला पाहिजे, कारण पेपर इंग्रजीत हाय. पण चर्चा इंग्रजीत ठेवली की तीनच जण बोलतात आणि बाकीचे मान हलवायलेत.

मोठ्याने वाचायचा वेग धरा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द. मधे थांबून विचारलं तर ४० मिनिटांत पाच-सहा पानांच्या पुढं गाडी जात नाही. म्हणून तासाला एकच उतारा, दोन-अडीच पानांचा, आणि आजूबाजूचं तोंडी. अख्खं प्रकरण वाचायच्या नादी लागू नका, तिसऱ्याच्या पुढं वर्ग बसत नाही.

नावांनी लई घोळ होतो. बॉयमर, केमरिख, कॅटचिन्स्की, हिमेलश्टॉस, वेस्टहूस. चौथ्या पानावर लेकरू पुस्तक मिटतं. नाव पाठ करू नका म्हणावं, धंदा पाठ करा. काट, म्हणजे कॅटचिन्स्की, चाळिशीचा, मोची. त्यादेन कुलूपं करणारा, काडीपहिलवान पण कंपनीत सगळ्यात जास्त खाणारा. हाये वेस्टहूस पीट खोदणारा. डेटरिंग शेतकरी. हिमेलश्टॉस पोस्टमन, वर्दी चढली तसा साहेब झालेला. नवव्यातला फ्रेंच माणूस छापखान्यातला. बारा बलुतेदार माहिती असलेल्या पोरांना ही यादी एका फेरीत पाठ होते. पीट म्हणजे काय ते मात्र सांगावं लागतं : दलदलीतला कुजून दाबलेला पालापाचोळा, विटांसारखा कापून वाळवायचा आणि जाळायचा. गोवरीचा चुलतभाऊ म्हणा, कळतं.

डेटरिंग समजावू नका. चौथ्या प्रकरणात जखमी घोडी ओरडायलेत आणि हा माणूस चवताळून उठतो, जनावराला युद्धात आणणं हे सगळ्यात हलकट काम म्हणतो. अकराव्यात फुललेली चेरी बघून त्याला घरचं रान आठवतं आणि तो पळून जातो. हॉलंडकडं गेला असता तर वाचला असता, हा सरळ जर्मनीकडं, घराकडं चालला, म्हणून सापडला. त्याचं पुढं काय झालं ते पुस्तकात नाही. ज्याच्या घरी बैलजोडी हाय त्याला हे वाचून दाखवायचं आणि गप बसायचं. 'चेरी ब्लॉसम हे कशाचं प्रतीक आहे' हा प्रश्न तिथं घातला की गेलं सगळं.

भरतीवाल्या पोरांचं : त्यांना वर्गात कोपऱ्यात उभं करू नका. 'बघा, तुम्ही जायलात ना, हे असं असतं' ही भाषा तर अजिबात नको. हिमेलश्टॉसचा रगडा त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. एका सकाळी चौदा वेळा अंथरूण घालायला लावणं, टूथब्रशनं खोली घासायला लावणं. आणि पुस्तक तिथं एकांगी नाही. पॉल स्वतः म्हणतो की त्या छळानं आम्ही कठोर झालो आणि तो कठोरपणा नसता तर खंदकात आमच्यातले बरेच वेडे झाले असते. भरतीवाल्या पोराला हा परिच्छेद वाचायला द्या. सोळाशे मीटर पळणाऱ्याचं त्यावर मत असतं, आणि ते पाठ केलेलं नसतं.

पारावरची

बुटांचा तास कसा घ्यायचा ते सविस्तर लिहिते, कारण हा तास बसला तर पुढचे दहा सोपे जातात.

फळ्यावर चार चौकोन. पहिल्यात केमरिख, पॉलचा दवाखान्यात पडलेला वर्गमित्र. बूट कसे आहेत ते पुस्तकातून शोधायला लावा : पिवळं मऊ चामडं, इंग्रजी बनावट, गुडघ्यापर्यंत उंच, वरपर्यंत नाड्या. वैमानिकाचे. इथं एकीला फळ्यावर मापात काढायला सांगा, पायाच्या पंजापासून गुडघ्यापर्यंत. बूट म्हटलं की आपल्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे घोट्यापर्यंतचा काळा बूट येतो, मग दुसरा वर्गमित्र म्युलर, त्याची हाव खोटी वाटते. आता मुद्द्याचं : केमरिखचा पाय कापलाय आणि त्याला ते माहीत नाही. म्युलर खाटेशेजारी बसून बूट मागतोय.

मतदान घ्या, हात वर करून. म्युलर नीच आहे का? साधारण सगळे हात वर जातात. मग पॉलचा परिच्छेद वाचा : बूट केमरिखच्या कामाचे असते तर म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी चालला असता, पण त्याचे बूट घेतले नसते. आणि त्याने घेतले नाहीत तर वॉर्डातले नोकर घेणार. केमरिखचं घड्याळ तसंच गेलंय. पुन्हा मतदान. हात किती खाली आले तो आकडा फळ्यावर लिहून ठेवा. दुसरा चौकोन म्युलर.

तिसरा चौकोन अकराव्या प्रकरणापर्यंत रिकामा राहतो. तिथे म्युलर मरतो, पोटात अगदी जवळून झाडलेली प्रकाशगोळी, अर्धा तास तडफडून, आणि बूट पॉलला देतो. पॉल म्हणतो, मला बसतात. माझ्यानंतर त्यादेनला, कबूल केलंय. चौथा चौकोन त्यादेन. ही सगळी देवघेव मोजून चार-पाच वाक्यांत होते. पहिल्या-दुसऱ्या प्रकरणांत एका बुटाच्या जोडीवर पानंच्या पानं आणि अकराव्यात चार वाक्यं. 'माणूस निबर कसा होत गेला' या प्रश्नाचं उत्तर हेच, वाक्यं मोजून मिळालेलं. याचा पुरावा देऊन लिहिणारी विद्यार्थिनी गाईडवाल्यांच्या पुढे जाते.

चुकतं कुठे : शिक्षक उत्साहात चारही चौकोन पहिल्याच दिवशी भरून टाकतात. मग अकरावं प्रकरण कुणी वाचत नाही.

सातव्या प्रकरणाबद्दल. प्रकरण लांब आहे, सगळं नको. दोन प्रसंग घ्या : पॉल रजेवर घरी येतो तेव्हाची आजारी आई, आणि केमरिखची आई. दोघींशी तो खोटं बोलतो. स्वतःच्या आईला सांगतो की तिकडे फारसं वाईट नाही. केमरिखच्या आईला सांगतो की तो क्षणात गेला, त्याला काही कळलंही नाही. ती शपथ घालते : हे खरं नसेल तर तू स्वतः परत येणार नाहीस, असं म्हण. तो म्हणतो. तिथे थांबा, पुढे काय होतं ते सांगू नका. बाराव्या प्रकरणाला ज्यांना आठवायचं त्यांना आठवतं.

लेखी काम : केमरिखच्या आईला पॉलने लिहिलेलं पत्र, १२० शब्द, इंग्रजीत. खाली मराठीत पाच ओळी : पत्रात काय लिहिलं नाही आणि का. दुसरा भाग पहिल्यापेक्षा नेहमी चांगला येतो, म्हणून गुणही निम्मे-निम्मे ठेवा.

अवघड मजकुराचं. संडासाच्या पेट्यांचा प्रसंग गाळू नका. उघड्यावर, रांगेत, निवांत बसलेली पोरं. लाज कधी गळून पडली ते त्यांनाही कळलं नाही. सरळ आवाजात वाचला तर हसू एका मिनिटात विरतं, चोरून वाचला तर आठवडाभर पुरतं. कालव्यापलीकडच्या फ्रेंच बायकांचा आणि लेवान्डोव्स्कीचा प्रसंग घरी वाचायला सांगा, परीक्षेपुरता सारांश द्या. आणि ज्यांच्या घरी कुणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांना चौथं, सहावं आणि दहावं सुरू होण्याआधी वर्गाबाहेर गाठून सांगून ठेवा की उद्या काय येणार आहे.

तासिका_तत्त्व

पारावरची मॅडम, बुटांचा तास जसाच्या तसा घेतो. सगळ्यांचे आभार.

आणखी एक. प्रकल्प म्हणून मुक्तिसंग्राम जोडावा का? १७ सप्टेंबर सत्र चालू असतानाच येतो, पोरांच्या घरी रझाकारांच्या गोष्टी आहेत.

गोदाकाठ

जोडा, पण 'तुलना करा' म्हणू नका. तुलना म्हटली की पोरं दोन रकाने आखतात आणि दोन्हीत तेच लिहितात. एक खंदकातलं चार वर्षांचं युद्ध, दुसरा एका संस्थानातला लोकांचा लढा आणि शेवटी १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची लष्करी कारवाई. मोजायचं माप एक नाही.

त्यापेक्षा कादंबरीची पद्धत उसनी घ्या. लेखक सेनापती दाखवत नाही, जेवण, बूट, खाट दाखवतो. पोरांनी घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला जाऊन तेवढंच विचारावं : त्या दिवसांत घरात काय शिजत होतं, दाणे कुठे लपवले, रात्री कोण जागं राहायचं, गाव सोडलं तर सोबत काय घेतलं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशी पार केलेलं, त्यामुळे पाच प्रश्न, वीस मिनिटं, त्याहून ताणू नये. नंतर ३०० शब्द, एकाच वस्तूवर. 'वीर', 'अत्याचार', 'बलिदान' हे तीन शब्द वापरायचे नाहीत अशी अट घाला. अट घातली नाही तर १७ सप्टेंबरची भाषणंच परत येतात.

एक गोष्ट आधी ठरवून ठेवा. रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी आहेत तशा पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांवर जे झालं त्याच्याही आठवणी याच गावांत आहेत. वर्गात दोन्ही घरांची लेकरं बसतात. लिहिलेलं वर्गापुढे वाचायला लावायचं की नाही हे लिहिणाऱ्यावर सोडा, आणि सांगणाऱ्याचं नाव वहीत येऊ देऊ नका.

खडूफळा

नवव्या प्रकरणाबद्दल मघाशी राहिलं. फ्रेंच सैनिकाचा प्रसंग सगळेच शिकवतात आणि सगळेच एका ठिकाणी चुकतात.

पॉल तोफेच्या खड्ड्यात लपलाय, वर एक माणूस पडतो, पॉल सुरा मारतो. तो माणूस लगेच मरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची घरघर चालते. पॉल पाणी पाजतो, जखमा बांधतो. मग पाकीट उघडतो : बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो, पत्रं, नाव जेरार्द द्युवाल, छापखान्यात काम. पॉल त्याच्याशी बोलतो, वचनं देतो, तुझ्या घरच्यांना लिहीन म्हणतो. बहुतेक शिक्षक इथं पुस्तक मिटतात. 'शत्रूही माणूस असतो', घंटा, पुढचा धडा.

पुढची दोन पानं वाचलीच पाहिजेत. पॉल परत येतो, काट आणि वर्गमित्र क्रॉपला सांगतो. ते त्याला ओएलरिख नावाचा नेमबाज दाखवतात, जो माणसं टिपून टिपून मोजतोय आणि आकड्यावर खूश आहे. पॉल शांत होतो. युद्ध म्हणजे शेवटी युद्ध, असं स्वतःला सांगतो. घरी पत्र लिहिण्याचं वचन तिथंच विरतं. ही दोन पानं गाळली की प्रकरण सुविचार होऊन बसतं. वाचली की ते भयानक होतं, कारण पॉलला बरं वाटतंय. प्रश्नही त्यावरच विचारा : खड्ड्यातला पॉल खोटा होता की खड्ड्याबाहेरचा?

जुनीप्रत

सिनेमाचं सांगून ठेवतो. २०२२ चा जर्मन सिनेमा सगळ्यांच्या फोनवर आहे आणि निम्मी उत्तरं त्यावरून येतात. त्यात पॉलची रजा नाही, म्हणजे दोन्ही आया नाहीत. हिमेलश्टॉस नाही. आणि पॉल युद्धबंदीच्या अगदी काही क्षण आधी, ११ नोव्हेंबरला, चकमकीत मरतो. कादंबरीत तो ऑक्टोबर १९१८ मधल्या एका शांत दिवशी मरतो. हा फरक किरकोळ नाही, शीर्षकच त्यावर उभं आहे. दाखवायचाच असेल तर बारावं प्रकरण झाल्यावर, शेवटची दहा मिनिटं, आणि 'दिग्दर्शकाने दिवस का बदलला' एवढ्यावर चर्चा. चाचणीत सातव्या प्रकरणावर एक प्रश्न ठेवला की सिनेमावाले आपसूक वेगळे पडतात.

मांजरापट्टा

आकड्यांचं टिपण ठेवायला सांगा, पहिल्या दिवसापासून, वहीच्या शेवटच्या पानावर. पहिलं प्रकरण १५० चे ८०. पाचवं, वर्गातले २० चे ८. सहाव्याच्या शेवटी कंपनीची हजेरी होते, एक-एक कंपनी पुकारतात आणि यांच्या ओळीत उभे ३२. अकराव्यात आकडे थांबतात, नावं सुरू होतात : म्युलर, लेअर, काट. शेवटी एक. गणिताला घाबरणारं लेकरू पण हे पान परीक्षेत वापरतं, आणि पेपर तपासणारा खूश होतो कारण गाईडमध्ये हे पान नाही.

पारावरची

शेवटच्या तासाबद्दल. बारावं प्रकरण दोन-तीन पानांचं, पूर्ण वाचा. मग शेवटचे दोन छोटे परिच्छेद प्रत्येकाच्या हातात, क्रियापदांखाली आणि सर्वनामांखाली रेघा मारायला सांगा. अख्खी कादंबरी 'मी' आणि वर्तमानकाळ. इथं अचानक 'तो' आणि भूतकाळ. बोलणारा मेला म्हणून वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी गेलं. हे तुम्ही सांगू नका, रेघा मारता मारता कुणीतरी म्हणतंच. त्यानंतर शीर्षकाचा जर्मन अर्थ. आणि त्या दिवशीची हजेरी सुरुवातीला न घेता सगळ्यात शेवटी घ्या, नावं पूर्ण पुकारून, सावकाश. पटावर नाव असूनही ज्यांनी कॉलेज सोडलंय त्यांचीही.

मांजरापट्टा

मॅडम, शेवटची तासिका साडेबाराला सुटते आणि खेड्यावरची एसटी बाराचाळीसला. हजेरी शेवटी ठेवली तर 'हजर' म्हणायला निम्मी पोरं जाग्यावर नसतात. दहा मिनिटं आधी घ्या.

पारावरची

बरोबर. मग बारा-वीसला. आणि ६२ नावं सावकाश पुकारायला पाच मिनिटं लागतात, रेघांचं काम त्याआधी आटपा.